पाचवं पान

वेस्ली ट्रॅम्बल आपल्या पोकरच्या चिप्सचे ट्रे छातीशी धरून टेबलाशी आला, तेव्हा हिमानी खानझोडेने मुद्दामच मान वर केली नाही. त्यांच्या टेबलावरची एक जागा रिकामी झाली होती आणि पलीकडच्या टेबलावरून कुणाला तरी इकडे हलवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो कुणी तरी म्हणजे हा नसावा, एवढंच ती मनात म्हणत होती. नेमका तोच आला. पत्ते वाटणाऱ्या डीलरच्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसला, चिप्सची रास नीट लावली आणि म्हणाला, "गुड आफ्टरनून, फोक्स. माझ्यावर आधीपासूनच कुणी रागावलेलं नाही ना?"

टेबल हसलं. हिमानीच्या अंगावर मात्र काटा आला.

तो आवाज तिच्या इतका ओळखीचा होता की तो समोरच्या माणसाच्या तोंडून येतोय हेच खरं वाटेना. गेली कित्येक वर्षं ट्रॉयमधल्या घरून ऑफिसला जाता-येता तिच्या गाडीत तोच आवाज असायचा. पोकर शिकवणारे त्याचे व्हिडिओ ती बघायची कमी आणि ऐकायची जास्त. सासरच्या निम्म्या माणसांचे आवाज तिला फोनवर ओळखू येत नसत, पण ट्रॅम्बलने घसा खाकरला तरी पुढे काय बोलणार हे तिला सांगता आलं असतं. जगातल्या मोठमोठ्या स्पर्धा जिंकलेला माणूस. आता तो तिच्यापासून हाताच्या अंतरावर होता. मध्ये फक्त डीलर. तो डीलरच्या डावीकडे, ती उजवीकडे.

डेट्रॉइटच्या त्या कॅसिनोत शुक्रवारी स्पर्धा सुरू झाली तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आता रविवारची दुपार होती आणि दोन टेबलं उरली होती. त्यातले शेवटचे नऊजण संध्याकाळी दिव्यांखाली, कॅमेऱ्यांसमोर बसणार होते. हिमानी इथवर आली होती ही गोष्ट तिच्या नवऱ्याला, प्रल्हादला, अजून नीटशी पटलेली नव्हती. दोरीच्या पलीकडे दोघांचे कोट हातावर घेऊन तो उभा होता. बस म्हटलं तरी बसत नव्हता.

तशी ती पत्त्यांतच वाढलेली. नागपूरला धंतोलीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, वाळ्याच्या कूलरसमोर सतरंजी टाकून भावंडांचं मेंढीकोट रंगायचं. कुणाच्या हातात कुठलं पान उरलंय हे तोंडावरून ओळखायची सवय तिला तेव्हापासूनची. मग शिक्षण, लग्न, मिशिगन, ब्रेक बनवणाऱ्या कंपनीतली टेस्टिंगची नोकरी, मुलगी. पत्ते मागे पडले. ट्रॉयमध्ये संजय चांदूरकरच्या बेसमेंटमध्ये दर शुक्रवारी पुरुषमंडळी पोकर खेळायची आणि बायका वर गप्पा मारत बसायच्या. एकदा बर्फामुळे दोघं-तिघं आले नाहीत, तेव्हा संजय जिन्यातून ओरडला, "वहिनी, बसता का? आम्ही सांभाळून घेऊ." त्या शुक्रवारी सांभाळून घ्यायची वेळ त्यांच्यावरच आली. तेव्हापासून ती खालीच.

तिला त्या टेबलाचं एक आवडायचं. इतर सगळीकडे लोक तिला म्हणायचे, हिमानी, तू बोलत का नाहीस गं? मीटिंगमध्ये म्हणायचे, मंडळाच्या कार्यक्रमात म्हणायचे. इथे गप्प बसणं हेच अर्धं कसब होतं.

ट्रॅम्बल आला आणि टेबलावरची हवाच बदलली. तो सारखा बोलायचा. मिशिगनच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल, हॉटेलातल्या उशांबद्दल, आपल्या कुत्र्याबद्दल. आणि बोलता बोलता, जणू मिठाची डबी पुढे सरकवावी तशा चिप्स पुढे सरकवायचा. हिमानीने खेळायला म्हणून थोड्या चिप्स पुढे केल्या की हा लगेच तिप्पट लावायचा. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी तिने पत्ते टाकून डाव सोडला. तिसऱ्या वेळी त्याने आपले पत्ते उलटे करून टेबलाला दाखवले. सत्ती आणि दुर्री. पोकरमध्ये याहून भिकार पत्ते नाहीत.

"सॉरी, मॅडम," तो हसून म्हणाला. "आज मला जरा खोडकरपणा सुचतोय."

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तोंडावर तिने काही दिसू दिलं नाही. पण रास उतरत चालली होती हे सगळ्यांना दिसत होतं. दोरीपलीकडे प्रल्हादने कोट या हातावरून त्या हातावर घेतले.

मग तो डाव आला.

डीलर ग्लेन हा पन्नाशीचा, जाडसर बोटांचा गृहस्थ होता. एवढ्या मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदाच पत्ते वाटतोय हे त्याने सकाळी कुणाला तरी सांगितलेलं हिमानीने ऐकलं होतं. त्याने प्रत्येकाला दोन-दोन पत्ते वाटले. हिमानीने तळव्याच्या आडोशाने कोपरे उचलले.

इस्पिकचा राजा. बदामचा राजा.

तिने कोपरे खाली सोडले आणि त्यांच्यावर एक चिप ठेवली. ही तिची सवय. आपले पत्ते सांभाळणं हे डीलरचं काम नाही, तुमचं आहे, त्यांच्यावर काही तरी ठेवा, असं ट्रॅम्बलनेच अगदी सुरुवातीच्या एका व्हिडिओत सांगितलं होतं.

तिच्या आधीच्या सगळ्यांनी एकामागून एक पत्ते टाकले. ग्लेनने ते ओढून आपल्यासमोर ढीग केला. तिच्यानंतर दोघंच उरले होते. ट्रॅम्बल, आणि त्याच्या पलीकडे हॉकीची जर्सी घातलेला डग नावाचा माणूस.

"ऑल-इन," हिमानी म्हणाली, आणि होती नव्हती ती सगळी रास तिने दोन्ही हातांनी पुढे सारली. हरलं तर सरळ घरी.

ट्रॅम्बलचं बोलणं थांबलं. आला तेव्हापासून पहिल्यांदाच. त्याने तिच्याकडे बघितलं. ती टेबलाच्या हिरव्या कापडावर पडलेल्या कुणाच्या तरी कॉफीच्या डागाकडे बघत राहिली. मानेची शीर उडतेय हे तिला कळत होतं. ओढणी असती तर बरं, असं उगाच मनात येऊन गेलं.

"बराच वेळ वाट बघितलीत तुम्ही, मॅडम," तो हळू म्हणाला. ती गप्प. "आणि मी तुम्हाला बराच त्रासही दिला." ती गप्प.

"कॉल," तो म्हणाला.

म्हणजे तिच्याइतक्याच चिप्स तो लावणार. त्यासाठी तो दोन्ही हातांनी आपल्या राशीतून मोजून चिप्स काढायला लागला. त्याचे दोन पत्ते समोर तसेच पडलेले. त्यांच्यावर ना हात, ना चिप. पलीकडून डगने फोनमधून डोकंही वर न काढता आपले पत्ते भिरकावले. ते ओढायला ग्लेनने डावा हात लांब केला, तळवा कापडावर फिरवला, आणि डगच्या पत्त्यांबरोबर ट्रॅम्बलचेही पत्ते ढिगाकडे ओढून नेले.

"हे! हे! थांब!"

ग्लेनचा हात जागच्या जागी थिजला. ट्रॅम्बल उठून उभा राहिला होता. "माझे पत्ते! कॉल केलंय मी! जॅक्स आहेत माझ्याकडे, दोन जॅक्स!"

ग्लेनने हळूच हात उचलला. त्याच्या बोटांखाली ढीग होता, आणि ढिगाशी पालथी पडलेली पानं. सगळ्यांच्या पाठी सारख्याच निळ्या. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "आय ॲम सो सॉरी," तो पुटपुटला. "आय ॲम सो सॉरी, सर."

पर्यवेक्षक लॉरेन आली. पांढरे केस, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. तिने सगळं ऐकून घेतलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कुणी कशालाही हात लावू नका म्हणून सांगितलं.

"वेस, नियम तुला माहीत आहे," ती म्हणाली. "ज्याचे पत्ते त्याने सांभाळायचे. तुझे पत्ते कुठले हे शंभर टक्के सांगता आलं, तर मी ते परत देऊ शकते. नाही सांगता आलं, तर तुझा हात मेला, तू या डावातून बाहेर. कॉल केलेल्या चिप्स या बाईंच्या."

"वरचीच आहेत," ट्रॅम्बल म्हणाला. "उलटून बघ. दोन जॅक्स."

"उलटून बघून शोधायचं नसतं. आधी कुणी टाकलेल्या पत्त्यांतही जॅक असू शकतो. कुठली दोन पानं, ते आधी कळायला हवं." ती ग्लेनकडे वळली. "ग्लेन?"

ग्लेनने ओठ ओले केले. "मला वाटतं... नाही. शपथेवर नाही सांगता येणार. हाताखाली चारही होती."

"सर, तुम्ही?"

"मी फोन बघत होतो," डग म्हणाला.

ट्रॅम्बल खाली बसला आणि हातांची घडी घालून टेबलाकडे बघत राहिला. रडारड नाही, वाद नाही. चूक आपली आहे हे त्याला कळलं होतं. हिमानीला ते दिसलं, आणि ते दिसायला नको होतं असंही वाटलं.

कारण तिने बघितलं होतं.

ट्रॅम्बलच्या बाजूने बघणाऱ्यांना ग्लेनचा दंड आणि बाही आडवी आली होती. ती मात्र डीलरच्या उजवीकडे बसलेली होती. कॉफीच्या डागाकडे बघता बघता तिची नजर टेबलाच्या पातळीला आली होती, आणि ग्लेनचा तळवा कापडावरून सरकत तिच्याच दिशेने आला होता. डगची दोन पानं त्याच्या तळव्याखालून सरळ ढिगात घुसली. ट्रॅम्बलची दोन त्याच्या करंगळीला अडकली, फरफटत आली आणि ढिगाच्या कडेशी एकावर एक तिरकी होऊन थांबली. अजून तिथेच होती. ती बोट ठेवून दाखवू शकली असती.

लॉरेन एकेकाला विचारत टेबलाभोवती फिरत होती. "तुम्ही बघितलंत? नाही. तुम्ही? नाही." प्रश्न हिमानीकडे येत होता. ब्रेकची टेस्ट चालू असताना ड्रम तापत जातो आणि काटा लाल पट्टीकडे सरकत जातो, तसा. तिच्या शेजारी बसलेला म्हातारा किंचित कलला आणि ओठ न हलवता म्हणाला, "गप्प बसा. तुमचं काम नाही ते."

खरंच नव्हतं. तिला काही खोटं बोलावं लागणार नव्हतं. "मला नाही दिसलं," एवढंसुद्धा म्हणायची गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. रास दुप्पट. संध्याकाळी दिवे, कॅमेरे. आणि नियमाने, अगदी पुस्तकातल्या नियमाने. चूक त्याची होती, त्यानेच जगाला शिकवलेली गोष्ट तो विसरला होता.

पण तिच्या डोक्यात आणखी एक गोष्ट फिरत होती आणि ती काही साधुसंताची नव्हती. त्याच्याकडे दोन जॅक, म्हणजे दोन गुलाम होते. तो स्वतःच ओरडून सांगून बसला होता. तिच्याकडे दोन राजे. असा सामना पाच वेळा झाला तर चार वेळा राजा जिंकतो. सत्ती-दुर्री दाखवून हसलेल्या या माणसाला ती पत्ते उघडे टाकून हरवू शकत होती, सगळ्यांसमोर, त्याच्या डोळ्यांत बघून. की लोकांनी पुढे म्हणावं, ट्रॅम्बलचे पत्ते डीलरने ओढले म्हणून ती बाई वाचली?

"मॅडम?" लॉरेन समोर उभी होती. "तुम्ही काही बघितलंत?"

हिमानीने दोरीकडे बघितलं. प्रल्हाद टाचा उंच करून उभा होता. हा काय घोळ चाललाय ते त्याला इतक्या लांबून कळलेलं नव्हतं.

"बघितलं," ती म्हणाली.

शेजारच्या म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

"ती दोन," तिने बोट केलं. "कडेला, एकावर एक तिरकी पडलीत ती. ती ढिगात मिसळली नाहीत. या जर्सीवाल्या सरांची दोन पानं पुढे गेली, आत."

"खात्री आहे? कारण तुम्ही हो म्हणालात तर हा डाव चालू राहील. तुम्ही बाद होऊ शकता."

"कळतंय मला."

"तुमच्या विरोधात जाणारी गोष्ट तुम्हीच सांगताय, म्हणून मी ती मानतेय," लॉरेन म्हणाली. तिने दोन बोटांनी ती पानं ओढून ट्रॅम्बलपुढे सरकवली. "वेस, उघड."

त्याने उघडली. इस्पिकचा गुलाम. चौकटचा गुलाम.

टेबलाभोवतीच्या गर्दीतून एक सुस्कारा गेला. मग हिमानीने चिप बाजूला केली आणि आपले दोन राजे उघडे टाकले, आणि लोक ओरडलेच. डगने फोन खिशात टाकला. ट्रॅम्बलने एकदा राजांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

आता टेबलाच्या मध्यभागी पाच पानं उघडायची. ती दोघांची सामाईक. त्यांत आपली दोन मिळवून ज्याचा हात मोठा होईल तो जिंकला. तिसरा गुलाम आला तरच ट्रॅम्बल वाचणार, कारण तीन सारखी पानं दोन राजांना भारी.

ग्लेनने पहिली तीन एकदम उघडली. किलवरची नव्वी. बदामची चौकी. इस्पिकची दुर्री.

"झकास!" दोरीपलीकडून प्रल्हादचा आवाज आला. अख्ख्या हॉलमध्ये त्या शब्दाचा अर्थ कळणारी ती एकटीच होती. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिने दोन्ही हात टेबलाखाली नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले.

चौथं पान. किलवरची राणी.

ट्रॅम्बल उठला आणि त्याने खुर्चीच्या पाठीवरचं जाकीट उचललं. तो चिप्समध्ये तिच्यापेक्षा खूप पुढे होता, या डावात हरला तरी बाद होणार नव्हता. मग जाकीट कशाला उचललं? तिला कळलं, त्याचेही हात कशात तरी गुंतवायला हवे होते. अख्ख्या गड्डीत आता दोनच पानं तिच्या वाईटावर होती. बदामचा गुलाम आणि किलवरचा गुलाम. बाकी कुठलंही चालणार होतं. एक्का येऊ दे, तिर्री येऊ दे, काहीही येऊ दे.

ग्लेनने नियमाप्रमाणे वरचं पान न उघडता बाजूला टाकलं, त्याखालचं ओढलं आणि उलटलं.

बदामचा गुलाम.

हिमानीला वाटलं, आपण नीट बघितलेलं नाही, ती राणी असेल, दुसरी राणी. मग हॉलमध्ये एकच गलका उठला. कुणी "ओ नो" म्हणालं, कुणी शिवी हासडली, आणि कुणी तरी चक्क टाळ्या वाजवल्या. ग्लेन हातातली गड्डी तशीच धरून तिच्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते. आधी पत्ते ओढले तेही त्यानेच, आणि आता हे पान काढलं तेही त्यानेच.

"तुमचा काही दोष नाही," ती त्याला म्हणाली. आवाज स्वतःचाच नाही असा वाटला.

उठताना खुर्चीचा पाय कार्पेटमध्ये अडकला. शेजारच्या म्हाताऱ्याने खुर्ची धरली, तिचा हात हातात घेतला आणि सोडला. ट्रॅम्बल टेबलाला वळसा घालून आला, हात पुढे केला. तिने तो घेतला. त्याचा तळवा ओला होता. ग्लेन तिची रास त्याच्याकडे सरकवत होता आणि चिप्सचा तो आवाज ती दोरीपर्यंत ऐकत गेली.

प्रल्हादने कोट पुढे धरला. तिने एक हात बाहीत घातला आणि दुसरी बाही तिला सापडेचना.

"राजे होते ना तुझ्याकडे?" तो म्हणाला.

"होते."

"मग मध्ये ती बाई कशाला आली होती? काय विचारत होती?"

"गाडी घेऊन ये," हिमानी म्हणाली. "सांगते."

तो पार्किंगकडे गेला. ती लॉबीत काचेपाशी उभी राहिली. बाहेर रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग होते. तिला रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि सगळ्यात जास्त त्या म्हाताऱ्याचा. इतकं चांगलं सांगत होता, तर जरा मोठ्याने का नाही सांगितलं?

"मॅडम."

खेळात मध्यंतर झालं असावं. ट्रॅम्बल पाण्याची बाटली घेऊन उभा होता. जवळून तो व्हिडिओतल्यापेक्षा म्हातारा दिसत होता. "तुमचं नाव विचारायचं राहिलं."

"हिमानी."

"हिमॅनी." त्याने ते जिभेवर घोळवून बघितलं. "एक सांगू? तुमच्या जागी मी असतो तर बोललो नसतो."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तुमचे सगळे व्हिडिओ ऐकलेत मी."

त्याने भुवया उंचावल्या. "असं मी कुठे म्हणालोय?"

"म्हणाला नाहीत. पण इतकी वर्षं रोज ऐकल्यावर माणूस कळतो."

ते त्याला लागलं. ती बघत होती, त्याने बाटलीचं झाकण उघडलं आणि न पिताच पुन्हा लावलं. "पत्त्यांवर काही तरी ठेवा, हे मात्र मी म्हणालोय," तो शेवटी म्हणाला.

"अगदी सुरुवातीलाच."

आत लाउडस्पीकरवर खेळाडूंना बोलावत होते. तो दोन पावलं गेला, थांबला. मग नुसती मान झुकवून आत गेला.

गाडी हायवेला लागल्यावर तिने सगळं सांगितलं. ग्लेनचा हात, कडेला पडलेली दोन पानं, लॉरेनचा प्रश्न. सांगताना तिला वाटत होतं की प्रल्हाद चिडेल, आणि तो चिडावा अशी तिची इच्छाही होती. म्हणजे मग तिला भांडता आलं असतं.

"म्हणजे तू गप्प बसली असतीस तर आत्ता तिथे असतीस," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुला कुणी खोटं ठरवलं नसतं."

"कुणी नाही."

वायपर काचेवरचा खारट चिखल पुसत होते. तिचा फोन वाजला. संजयचा मेसेज होता: वहिनी, ग्रेट रन! ट्रॅम्बल फायनल टेबलला पोचला, सगळ्यात मोठी रास त्याचीच. तिने फोन पालथा ठेवला. त्या राशीत तिची रास होती.

"संजयने ऐकलं तर म्हणेल, हरिश्चंद्राची बहीण," प्रल्हाद म्हणाला.

"म्हणू दे."

"मंडळात सत्कार करतील तुझा. शाल, नारळ."

"प्रल्हाद, पुरे."

"एक विचारू? चिडू नकोस." त्याने आरशात बघितलं, लेन बदलली. "तो गुलाम म्हणून ओरडला तेव्हा तुला कळलंच होतं, की आपण पुढे आहोत."

"हो."

"त्याने एक्के म्हटलं असतं तर?"

ती गर्रकन वळली. "तू नवरा आहेस का वकील?"

"नवरा. म्हणून तर विचारतोय. दुसरं कोण विचारणार?"

"इतकं करून, हरून, वर तुझी उलटतपासणी? काऊन, मी काय गुन्हा केला?" रागात तिचं नागपूर वर यायचं, 'का'चं 'काऊन' व्हायचं. प्रल्हाद सांगलीचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते 'काऊन' ऐकलं की तो गप्प व्हायचा. आताही झाला.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बंद पडलेले कारखाने, टायरची दुकानं, कुणाच्या तरी वकिलाची जाहिरात. एक्के. एक्के असते तर राजे मेलेलेच होते, पाचात एकदा वाचले तर वाचले. लॉरेन समोर उभी राहून विचारतेय, मॅडम, तुम्ही काही बघितलंत? ती दोन पानं कडेला तिरकी पडलीत. शेजारचा म्हातारा सांगतोय, गप्प बसा. तिने तो सगळा प्रसंग पुन्हा उभा केला आणि त्यातला एकच शब्द बदलून बघितला. आपलं तोंड उघडतंय का, याची ती वाट बघत राहिली. मघाशी पाचव्या पानाची बघितली होती तशीच.

ट्रॉयची पाटी आली. प्रल्हादने इंडिकेटर दिला.

"वेळ लागला असता," हिमानी म्हणाली.

"काय?"

"एक्के म्हणाला असता तर. मला जरा वेळ लागला असता."

प्रल्हादने तिच्याकडे बघितलं, मग पुढे बघितलं. "पण बोलली असतीस?"

"वेळ लागला असता म्हटलं ना," ती म्हणाली, आणि गाडी हायवेवरून खाली उतरली.